टाकी भरली तरी पंप चालूच: रोजचा ताण उतरवायचा कसा

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, जरा पाठ टेकावी म्हणून तुम्ही आडवे झालात आणि फोन वाजला. साहेबांचा मेसेज आहे, ‘उद्या सकाळी आल्या आल्या केबिनमध्ये भेटा.’ कशासाठी, ते काही लिहिलेलं नाही. मिनिटभरात छातीत धडधड सुरू होते, तळवे गार पडतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. खोलीत काहीच बदललेलं नाही. पंखा तोच, गादी तीच. पण शरीर मात्र दारात वाघ उभा असल्यासारखं वागू लागलेलं असतं.

ताण कमी करण्याच्या उपायांच्या याद्या आपण सगळ्यांनीच वाचलेल्या आहेत. योगासनं करा, पाणी प्या, सकारात्मक राहा. त्या वाचताना मला कायम वाटायचं, की यातलं काय, कधी आणि कशासाठी करायचं हे कुणी नीट का सांगत नाही? पुढे शरीरात नेमकं काय घडतं ते वाचत गेले, तेव्हा त्या याद्यांकडे बघायची नजरच बदलली. ताण येऊच नये यासाठी आपली सगळी धडपड चाललेली असते. खरी अडचण निराळीच आहे. आलेला ताण संपत नाही. तो संपायचा कसा, हे शरीराला ठाऊक असतं, पण आपण त्याला ते करू देत नाही.

पोटात गोळा का येतो

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरणांचा शोध नुकताच लागलेला असताना, वॉल्टर कॅनन हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ मांजरांना खाऊ घालून त्यांच्या पोटाच्या हालचाली बघत असत. अन्न घुसळणारं पोट त्यांना स्पष्ट दिसायचं. पण मांजर घाबरलं किंवा चिडलं की ती घुसळण एकदम थांबायची, आणि ते शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. कॅनन पचनाचा अभ्यास करत होते, पण या निरीक्षणाने त्यांना भीतीच्या अभ्यासाकडे वळवलं. १९१५ साली त्यांनी मांडलं, की संकट समोर दिसलं की प्राण्याचं सगळं शरीर ‘लढा नाहीतर पळा’ अशा तयारीत जातं.

मघाचा मेसेज आल्यावर तुम्हाला जाणवलेली प्रत्येक गोष्ट या तयारीचाच भाग आहे. पळायचं तर पायांच्या स्नायूंना जास्त रक्त हवं, म्हणून हृदय जोरात धावतं. ते रक्त कुठून तरी काढायला हवं, म्हणून ते पोटाकडून आणि कातडीकडून वळवलं जातं. पोटात गोळा येतो आणि हात गार पडतात ते त्यामुळे. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. जीव वाचवायच्या घाईत जेवण पचवणं बिनमहत्त्वाचं, म्हणून लाळही आटते. वाघ खरोखर आला असता तर या तयारीनेच तुमचा जीव वाचला असता.

ही तयारी दोन वाटांनी होते. पहिली वाट मज्जातंतूंची, विजेच्या बटणासारखी. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांच्याकडे मेंदूचा निरोप क्षणात पोचतो आणि त्या रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात. धडधड होते ती याने. त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. दुसरी वाट लांबची. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला रसायनाने निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांवरच्या त्याच ग्रंथींना निरोप देते, आणि मग त्या कॉर्टिसॉल सोडतात. ते रक्तात पुरेसं चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि उतरायला त्याहून पुष्कळ जास्त. कुणाशी कडाकडा भांडण झाल्यावर धडधड लगेच थांबते, पण ‘डोकं जड झालंय’ ही भावना तासभर तरी जात नाही, त्यात या दुसऱ्या वाटेचा मोठा वाटा असतो.

मला या यंत्रणेतली सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढची आहे. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. खाली पंप लावला की पाणी वर चढतं, आणि टाकी भरली की आतला तरंगता चेंडू वर उचलला जाऊन पंप आपोआप बंद होतो. कॉर्टिसॉलचंही तसंच आहे. रक्तात ते पुरेसं झालं की तेच परत मेंदूपर्यंत जातं आणि हायपोथॅलॅमस व पिट्युटरीला सांगतं, ‘झालं, आता थांबा.’ म्हणजे ताण थांबवायची सोय निसर्गाने आत बसवूनच दिलेली आहे.

ही सोय असताना काही माणसं वर्षानुवर्षं ताणाखाली का असतात? कारण चेंडूने पंप बंद केला की कुणीतरी खाली जाऊन बटण पुन्हा दाबतं. आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे आपण स्वतःच असतो.

हरणाच्या मागे वाघ लागला आणि हरीण निसटलं, की थोड्या वेळाने ते पुन्हा चरायला लागतं. उद्या वाघ पुन्हा येईल का, मागच्या वेळी मी डावीकडे का वळलो, कळपातले बाकीचे काय म्हणत असतील, असले विचार करत ते रात्रभर जागत नाही. माणसाला मात्र घडून गेलेलं उगाळता येतं आणि न घडलेलं रंगवता येतं. त्या मेसेजनंतर तुम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या केबिनमधला संवाद मनात दहा वेळा घडवता, तेव्हा शरीराच्या लेखी वाघ दहा वेळा येऊन गेलेला असतो. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपल्याकडे म्हणतात. शरीरशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे.

पंप सतत चालू राहिला तर काय होतं, हे हान्स सेली यांनी दाखवलं. ते माँट्रियलमध्ये उंदरांना निरनिराळे अर्क टोचून बघत होते. कुठलाही अर्क टोचला तरी, इतकंच काय थंडीत ठेवलं किंवा अती दमवलं तरी, उंदरांमध्ये तेच तीन बदल दिसत. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली, आणि जठरात व्रण. १९३६ साली त्यांनी एका छोट्याशा टिपणात हे प्रसिद्ध केलं. आज आपण येता-जाता वापरतो तो ‘स्ट्रेस’ हा शब्द पुढे त्यांनीच वैद्यकात रुजवला. त्याआधी तो प्रामुख्याने धातूवर, पुलाच्या तुळईवर येणाऱ्या भारासाठी वापरला जायचा.

थोडा वेळ आलेला ताण वाईट नसतो, हेही इथेच सांगायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी जी तल्लख जाग येते ती याच रसायनांची. दुखणं सुरू होतं ते चेंडूला सवड न मिळाल्यावर.

उच्छ्वासाची ताकद

पंप बंद करायचं हाताशी असलेलं बटण कुठलं, तर श्वास. हे ऐकून तुम्हाला कंटाळा आला असेल तर तो साहजिक आहे, कारण ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला ऐकून ऐकून आपले कान किटले आहेत. पण बहुतेक वेळा तो अर्धवट दिला जातो. महत्त्व श्वास आत घेण्याला नाही, सोडण्याला आहे. आत्ता करून बघा. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या-सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित जवळ येतील, आणि सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढेल. तरुण माणसाच्या नाडीत हे जास्त ठळक जाणवतं, वयानुसार थोडं कमी होतं, पण असतं सगळ्यांमध्ये.

याचं कारण व्हेगस नावाची नस. मेंदूतून निघून मानेतून खाली छाती-पोटापर्यंत जाणारी ही नस हृदयाचा ब्रेक आहे. ऑटो लोवी या शास्त्रज्ञांनी १९२१ साली बेडकाची दोन हृदयं वेगवेगळ्या भांड्यांत धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस उत्तेजित केली, ते मंदावलं. मग त्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर घातलं, तर नसेला हात न लावताही तेसुद्धा मंदावलं. म्हणजे ही नस एक रसायन सोडून हृदयाला आवरते. त्या कामासाठी त्यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपण श्वास आत घेतो तेव्हा हा ब्रेक जरा सैल होतो, सोडतो तेव्हा आवळला जातो. उच्छ्वास लांबवला की ब्रेकवर पाय जास्त वेळ राहतो.

म्हणून करायचं ते इतकंच. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. छाती फुगवायचा आटापिटा नको, श्वास जबरदस्तीने रोखायला नको, चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा. २०२३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर रोज पाच मिनिटांच्या काही पद्धती ताडून पाहिल्या. नाकाने श्वास घ्यायचा, त्यावर आणखी एक छोटा श्वास, आणि मग तोंडाने सावकाश सगळा सोडून द्यायचा, या सुस्काऱ्यासारख्या पद्धतीने लोकांच्या मनःस्थितीत चांगली सुधारणा झाली. लहान मूल खूप रडून शांत होताना नेमका असाच दुहेरी श्वास घेऊन सोडतं, हे मात्र मला आपलं निरीक्षणातून आठवलं.

इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली एक गमतीची गोष्ट प्रसिद्ध केली. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास येत होता. हे वाचलं आणि मला आजी आठवली. पहाटे जात्यावर बसून ती ओव्या म्हणायची. एक लांबलचक ओळ, ती संपेपर्यंत श्वास सोडत राहायचं, मग खुंटा पुढे ढकलताना झटकन श्वास, पुन्हा ओळ. सासुरवासाची, माहेरच्या ओढीची, मेलेल्या लेकराचीही दुःखं त्या ओव्यांत असत. तिला व्हेगस माहीत असायचं कारण नव्हतं. पण ओळ गायची तर उच्छ्वास लांबवावाच लागतो, मग ती ओवी असो, हरिपाठ असो की संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हटलेली आरती. ज्यांना डोळे मिटून श्वास मोजत बसायला जमत नाही, त्यांनी सरळ गावं. स्वयंपाक करताना गावं. आवाज कसा आहे याचा इथे काही संबंध नाही.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम सुरू केलं. आसनं-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणं लावून, मोजमाप करून तपासायचं असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ आणि ‘हे सगळं थोतांड’ या दोन्ही टोकांना न जाता मोजून बघण्याची परंपरा आपल्याच मातीत शंभर वर्षं जुनी आहे. मला ती फार मोलाची वाटते.

एक सावधगिरी. काही जणांना, विशेषतः अचानक घबराटीचे झटके येणाऱ्यांना, श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरायला होतं. तुमचं तसं होत असेल तर श्वासाचा नाद सोडून द्या. पायाच्या तळव्यांना फरशी कशी लागते तिकडे लक्ष न्या, तोंडावर गार पाण्याचे हबके मारा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या.

साखर रक्तात सोडली, पळणार कोण

मघाशी म्हटलं तसं, शरीराने पळण्यासाठी इंधन काढून दिलेलं असतं. आणि आपण काय करतो? खुर्चीत बसून राहतो. म्हणून ताण आल्यावरचा सगळ्यात सरळ उपाय म्हणजे चालणं. मेसेज आल्यावर अंथरुणात तळमळण्यापेक्षा चपला घालून सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं झपझप फेऱ्या मारा. जिने चढा-उतरा. घरातच अडकला असाल तर फरशी पुसायला घ्या. शरीराला हवं होतं ते त्याला मिळतं आणि काम झालं असा त्याचा समज होतो. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, हे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे. ते रोजच्या साधारण वीस-बावीस मिनिटांवर येतं. स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत गेलं तरी अनेकांचं भागेल.

ताण स्नायूंत साचतो हे एडमंड जेकबसन या डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं आणि त्यावर एक पद्धत बसवली होती. एकेक स्नायू मुद्दाम आवळायचा, काही क्षण धरायचा, मग एकदम सैल सोडायचा. रात्री झोपताना पायापासून कपाळापर्यंत हे केलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. दिवसा नुसते जबडा आणि खांदे तपासत जा. हे वाचताना तुमचे खांदे कानांकडे चढलेले असतील तर खाली सोडा. दात एकमेकांवर रोवलेले असतील तर सुटे करा.

चहाबद्दल थोडक्यात. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात, काहींना कमी, काहींना बरेच जास्त. पाचच्या चहातला निम्मा अंमल दहा वाजताही शिल्लक असतो. झोप उडाली असेल तर संध्याकाळचा चहा आधी दुपारकडे ओढून बघा. चहा तोडा असं मी म्हणणार नाही. टपरीवर सहकाऱ्याबरोबर काढलेली ती दहा मिनिटं अनेकांच्या दिवसातला एकुलता एक विसावा असतो.

डोक्यात उघडी राहिलेली कामं

रात्री दिवा मालवला की कामं आठवायला लागतात. गॅस बुक करायचा राहिला. मुलीच्या सहलीचे पैसे भरायचे. आईचं बीपीचं औषध संपत आलंय. असं का होतं?

१९२७ साली ब्ल्यूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने मांडलं, की पुरी झालेली कामं आपण विसरतो आणि अर्धवट राहिलेली आपल्या मनात घर करून बसतात. नंतरच्या प्रयोगांत अर्धवट कामं जास्त आठवतातच असं प्रत्येक वेळी दिसलं नाही. पण अपुरं काम पुरं करायची ओढ मनाला लागून राहते, हे टिकलं. २०११ साली झालेल्या एका अभ्यासात आणखी उपयोगी गोष्ट दिसली. मनाची ही टोचणी थांबायला काम संपवावंच लागतं असं नाही. ते कधी आणि कसं करायचं याचा पक्का बेत ठरला तरी मन पुष्कळसं शांत होतं.

झोपण्याआधी पाच मिनिटं कागदावर लिहिण्याचा उपाय यातूनच येतो. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात सत्तावन्न जणांना प्रयोगशाळेत झोपवलं. निम्म्यांनी त्या दिवशी पार पडलेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. ज्यांनी यादी जास्त तपशिलात लिहिली ते आणखी लवकर. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणून नुसतं ‘औषध’ लिहू नका. ‘उद्या सहा वाजता येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून आईच्या गोळ्या, दोन पाकिटं’ असं लिहा. आणि कागदावरच लिहा, कारण फोन हातात घेतला की तिथे नवा मेसेज टपून बसलेला असतो.

आता जे लिहायचं आहे ते मला या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक घरांत अशा उघड्या कामांची वही एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि ते माणूस बहुधा घरातली बाई असते. बाकीचे ‘मदत’ करतात. ‘सांग काय आणायचं, आणतो’ असं प्रेमाने म्हणतात. पण आणण्यापेक्षा लक्षात ठेवणं जास्त दमवतं. सिलिंडर किती दिवसांनी संपतो, दूधवाल्याचा हिशेब कधी, पाहुणे आले तर डाळ पुरेल का, हे सगळं सतत चालू असलेलं काम आहे आणि ते कुणाला दिसत नाही. त्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार? त्याच्या डोक्यातली काही पानं फाडून दुसऱ्याने घ्यायला हवीत. गॅस ज्याने घेतला त्याने तो पूर्ण घ्यायचा. कधी संपेल ते बघणं, बुक करणं, पैसे देणं, पासबुकात नोंद करणं, सगळं. एकदा सिलिंडर मध्येच संपला आणि वरणभातावर भागवावं लागलं तरी चालेल, पण आठवण करून द्यायची नाही. आमच्या घरी हे बसायला दोन महिने गेले. त्यानंतर मात्र एक आख्खा विषय माझ्या डोक्यातून कायमचा गेला, आणि तो हलकेपणा मला कुठल्याही ध्यानाने तोवर मिळाला नव्हता.

बटण हातात असणं

१९७० च्या सुमाराला अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना कर्कश आवाज ऐकवत काम करायला बसवलं. काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे दाबून आवाज बंद करा, पण शक्यतो दाबू नका. बटण जवळजवळ कुणीच दाबलं नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. तरीही बटण असलेल्यांनी नंतर दिलेली कोडी जास्त चिकाटीने सोडवली आणि मुद्रितशोधनात चुका कमी केल्या. परिस्थितीवर आपला थोडा तरी ताबा आहे, एवढ्या जाणिवेनेही ताण हलका होतो.

ब्रिटनमध्ये १९६७ साली सरकारी नोकरांच्या तब्येतीचा मोठा अभ्यास सुरू झाला. मोठ्या जबाबदारीचे वरिष्ठ अधिकारी हृदयविकाराने जास्त दगावत असतील अशी आपली समजूत असते. निघालं उलटं. श्रेणी जितकी खालची तितकं हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण जास्त, आणि धूम्रपान वगैरे कारणं जमेस धरूनही हा फरक पुरता मिटला नाही. पुढे १९८५ पासून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात एक कारण ठळकपणे पुढे आलं, आपल्या कामावर आपलं नियंत्रण नसणं.

म्हणून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला, बारा तासांच्या ड्यूटीवर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकाला, सासरी घुसमटणाऱ्या मुलीला ‘ताण घेऊ नकोस’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. ताण त्यांनी घेतलेला नसतो, त्यांच्यावर लादलेला असतो. तिथे पगार वेळेवर होणं, सुट्टी मिळणं, हप्ता फेडायला मुदत मिळणं हेच खरे तणावमुक्तीचे उपाय आहेत आणि त्यासाठी भांडावंही लागतं.

ज्यांच्या हाती थोडं तरी आहे त्यांनी मात्र आपली छोटी बटणं शोधावीत. शाळेच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांचे आवाज बंद ठेवून ते दिवसातून दोनदा ठरल्या वेळी बघणं हे एक. रात्री नऊनंतर कामाचे मेसेज बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा, असं नम्रपणे सांगून टाकणं हे दुसरं. आणि साहेब लोकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘उद्या भेटा’ असं लिहाल तेव्हा पुढे ‘मार्चच्या अहवालाबद्दल’ एवढे दोन शब्द जोडत जा. एका माणसाची रात्रभराची झोप वाचेल.

हात धरणारं माणूस

२००६ साली सोळा विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग झाला. त्यांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून, आता कदाचित विजेचा छोटा झटका बसेल अशी धास्ती दाखवली. एकट्या असताना, अनोळखी माणसाचा हात धरलेला असताना आणि नवऱ्याचा हात धरलेला असताना, अशा तिन्ही वेळा मेंदूची प्रतिक्रिया पाहिली. नवऱ्याचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग सगळ्यात कमी चेतले. नातं जितकं चांगलं, तितका हा परिणाम जास्त.

मन मोकळं करणं म्हणतात ते याच्या जवळचं. त्यात एक खाच आहे. तीच तक्रार, त्याच शब्दांत, रोज त्याच मैत्रिणीपाशी उगाळली तर दोघींचे पंप चालू होतात. बोलणं कुठे तरी पुढे सरकायला हवं, काय वाटलं इथपासून आता काय करणार इथपर्यंत. आणि ऐकणाऱ्याने आधी एवढंच विचारावं, ‘तुला काही सुचवू की नुसतं ऐकू?’ आपल्याकडे सल्ला देणं हे प्रेमाचं लक्षण मानतात, म्हणून हा प्रश्न विचारायला सुरुवातीला जड जातं.

घरगुती उपाय कुठवर

छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणं, दरदरून घाम येणं, दम लागणं, यातलं काही झालं तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी बसू नका, आधी दवाखाना गाठा. धडधड आणि बेचैनी महिनोन्‌महिने असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, एरवी आवडणाऱ्या गोष्टींत जीव रमत नाही, उगाच रडू येतं, कामात लक्ष लागत नाही, असं असेल तर तो रोजचा ताण राहिलेला नाही. त्यावर चांगले उपचार आहेत आणि ते लवकर सुरू झाले तर गुणही लवकर येतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे वेड लागणं, ही समजूत अजूनही कित्येकांना वेळेत मदत मिळू देत नाही.

जगणं नकोसं झालंय असं कुणी बोलून दाखवलं तर ते कधीही हसण्यावारी नेऊ नका, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर आहे. चोवीस तासांत केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडच्या माणसाशी मराठीत बोलता येतं. तो आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा, आणि घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या फोनमध्येही.